गुळवेलीचा अर्क

संघमित्राची डावी किडनी आता तिच्या नवऱ्याच्या पोटात उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला होती. हात ठेवला की तिथली कातडी जरा वर आलेली लागायची. ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही महिने चंद्रशेखर आडवा झाला की तिचा हात धरून तिथे ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, तू इकडे पण आहेस." त्या काळात तो बोलायचाही हळू. डायलिसिसच्या खुर्चीत दिवस काढलेला माणूस, पाण्याचा घोट घ्यायलाही भ्यायचा. आता तांब्याभर पाणी घटाघट पिऊन तो मोठ्याने 'आ' करायचा आणि बाथरूममधून बाहेर आला की परीक्षेत पास झाल्यासारखा दिसायचा. संघमित्राला तेवढ्यावर सगळं भरून पावल्यासारखं वाटायचं.

त्यांचा फ्लॅट करंजाडेला. चंद्रशेखर जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता, ती नेरुळच्या एका शाळेच्या ऑफिसात होती. मुलगी मैत्री बावीस वर्षांची, एम.कॉम. करत होती, आणि वडिलांची फार लाडकी. चंद्रशेखरची आई गिरजाबाई परभणीकडच्या गावाहून ऑपरेशनपुरती म्हणून आली ती राहिलीच. किडनी कोणी द्यायची हा प्रश्न आला तेव्हा चंद्रशेखरच्या बहिणीचा, गीतांजलीचा, रक्तगट जुळत होता. पण तिच्या सासरचे नको म्हणाले आणि गीतांजलीने फोन उचलणं बंद केलं. संघमित्राने कुणी विचारायच्या आत स्वतःचं नाव सांगून टाकलं. त्याची चर्चा घरात पुढे कधी झाली नाही.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर नूरीन यांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. बाई मूळच्या रायगडातल्याच, खाडीकाठच्या गावातल्या, मराठी स्वच्छ बोलायच्या.

"चंद्रशेखर, तुमच्या रक्तात पहारेकरी आहेत. बाहेरचं काही आत शिरलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून तर आपण सर्दीतापातून बरे होतो. पण ही किडनीही त्यांच्या दृष्टीने बाहेरचीच. बायकोच्या प्रेमाबिमाशी त्यांना काही देणंघेणं नाही. आपण गोळ्या देऊन त्यांना गुंगीत ठेवतो. जन्मभर ठेवायचं. त्यांना जागं करणारं काहीही पोटात जाता कामा नये. गुळवेल नाही, अश्वगंधा नाही, इम्युनिटी वाढवणारा काढा नाही, कुणी कितीही प्रेमाने दिला तरी नाही."

"पण डॉक्टर, गुळवेल तर चांगली ना? करोनात सगळेच पीत होते," चंद्रशेखर म्हणाला.

"तुमच्या शेजाऱ्याला कदाचित चांगली असेल. तुम्हाला नाही."

चंद्रशेखरने मान डोलावली. घरी येईपर्यंत त्याला ते पाठही होतं.

मग गोळ्यांनी आपलं काम दाखवायला सुरुवात केली. तोंड सुजलं, गाल फुगून लोंबले, हात असा थरथरायचा की चहा बशीत सांडायचा. चंद्रशेखर दिसायला देखणा होता आणि ते त्याला माहीत होतं. विहारात सूत्रसंचालन त्याचंच असायचं. यार्डात परत गेला तेव्हा एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ओळखलाच नाय मी. केवढे फुगलात!" संध्याकाळी घरी येऊन त्याने आरशावर टॉवेल टाकला. मास्क लावून फिरायचं, गर्दीत जायचं नाही, बाहेरचं खायचं नाही. "हे काय जगणं झालं?" तो म्हणायचा. "पहारेकरी झोपवलेत म्हणे. अरे, मग माणूसच झोपला ना!"

सकाळी तो सेक्टरातल्या उद्यानात चालायला जायचा. तिथे सुभाष नावाचे एक गृहस्थ भेटले. बँकेतून रिटायर झालेले, पांढरे बूट, बोलणं गोड. त्यांचा पंधरा-वीस जणांचा ग्रुप होता आणि ते सगळे एक हिरवट अर्क घ्यायचे. गुळवेल, अश्वगंधा, तुळस, आणखी कायकाय. सुभाषराव म्हणाले, "शरीराची ताकद मारून कुणी बरं झालंय का कधी? ताकद वाढवायची असते." इतके दिवस चंद्रशेखरच्या मनात जे घोळत होतं तेच दुसऱ्याच्या तोंडून आलं. त्याने बाटली घरी आणली आणि आईच्या हातात दिली.

गिरजाबाईला आनंद झाला. तिच्या गावी कडुलिंबाच्या झाडावर गुळवेल चढलेली असायची. घरात कुणाला ताप आला की ती कांडं तोडून आणायची, ठेचायची, उकळायची. नवरा, दीर, चार लेकरं, सगळ्यांना तिने त्याच काढ्यावर उभं केलं होतं. शहरातल्या डॉक्टरणीने त्याच वेलीचं नाव घेऊन बोट नाचवलेलं तिला अजिबात आवडलं नव्हतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. संघमित्रा दुपारी घरी आली तेव्हा सासू ओट्यापाशी उभी राहून बाटलीच्या झाकणाने अर्क मोजत होती आणि चंद्रशेखर शेजारी पेला घेऊन उभा होता.

"काय आहे हे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अर्क हाय," गिरजाबाई म्हणाली. "गुळवेलीचा. दोन महिने झाले घेतोय लेकरू. बघ की, तोंडावर कळा आली त्याच्या."

"दोन महिने?" संघमित्राने खांद्यावरची पर्स तशीच ठेवून बाटली उचलली. "अहो, डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं होतं. तुमच्या समोर. गुळवेल नाही, अश्वगंधा नाही. दोन्ही लिहिलंय याच्यावर."

"रिपोर्ट नॉर्मल आलाय ना परवा? मग?"

"आज नॉर्मल आहे!"

"टेन्शन नको देऊस. बाटली ठेव खाली."

तिने ती सिंकमध्ये ओतायला घेतली. चंद्रशेखरने तिचं मनगट धरलं. त्याचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती.

"माझं शरीर आहे," तो म्हणाला.

"किडनी माझी आहे."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं. चंद्रशेखरने मनगट सोडलं आणि हसला.

"बरोबर. हेच ऐकायचं होतं मला. दिलीस तेव्हाच वाटलं होतं, ही एक दिवस काढून दाखवेल. तुझा एक तुकडा माझ्यात आहे म्हणून तू मालकीण झालीस का माझी?"

"म्या त्याला अख्खा दिलाय पोटातून," गिरजाबाई म्हणाली. "म्या कधी बोलून दाखवलं का?"

पुढच्या तपासणीला संघमित्राने डॉक्टर नूरीनना सगळं सांगितलं. चंद्रशेखर शेजारीच बसला होता. डॉक्टर चिडल्या. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसांवर या अर्काचा प्रयोग कुणी केलेला नाही आणि करूही नये, असं म्हणाल्या. त्याने कान पकडले, हसून सॉरी म्हटलं, बाटली फेकून देतो म्हणाला. रक्ताचा रिपोर्ट तेव्हाही चांगलाच आला. रिक्षात बसल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सीआयडी."

त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. तिने वाढलेलं ताट सरकवून ठेवायचा आणि आईला हाक मारायचा. पाणी आईकडून, गोळ्या आईकडून. तिला काही सांगायचं असलं तर मैत्रीला म्हणायचा, "तुझ्या मम्मीला सांग." मैत्रीही म्हणाली, "मम्मी, तू डॉक्टरसमोर पप्पांची इज्जत काढलीस. घरात बोलायचं ना." अर्क चालूच राहिला, आता उघड, डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी.

संघमित्रा घरात असून नसल्यासारखी झाली. उजव्या कुशीवर झोपून ती भिंतीकडे बघत पडायची आणि डाव्या बरगडीखालची ती लांब खूण ओढल्यासारखी दुखायची. तिच्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली होती. आजारात त्याने तिला जेवढं जवळ केलं, तेवढाच तो आता त्या जवळिकीचा राग करत होता. आपण कुणाच्या तरी उपकारावर मुततो, असं एकदा तो फोनवर कुणाला तरी म्हणाला होता. असं म्हणून हसलाही होता.

मग सुभाषरावांच्या ग्रुपचा मेळावा झाला, करंजाडेतल्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये. चंद्रशेखरने स्वतः तोंड उघडून सांगितलं, "तू पण चल." कित्येक आठवड्यांनी तो तिच्याशी बोलला होता. ती निळी साडी नेसून गेली.

स्टेजवर त्याला बोलावलं. माईक हातात आला तसा तो जुना चंद्रशेखर झाला. आवाज खणखणीत, हात कमी थरथरणारा.

"डॉक्टर लोक मला म्हणाले, बायकोची किडनी आहे, रक्ताचं नातं नाही, किती टिकेल सांगता येत नाही. टिकली की नाही? कुणी टिकवली? या अर्काने!" टाळ्या पडल्या. "आमच्या मिसेस आल्यात. मित्रा, उभी राहा जरा. ह्यांचीच ती किडनी." पुन्हा टाळ्या. ती उभी राहिली. "मिसेस आमच्या भारी घाबरट. डोनर आहेत ना! गाडी विकली तरी रोज येऊन हॉर्न वाजवून बघतात, चालतेय की नाही." हॉल हसून हसून लोळला. "मी म्हटलं, बाई, आता गाडी माझी. पेट्रोल कुठलं भरायचं ते मी बघीन."

तिने बाजूला पाहिलं. मैत्री मोबाइलवर शूटिंग करत होती आणि हसत होती. मनापासून हसत होती, वडील पुन्हा पूर्वीसारखे झाले म्हणून. संघमित्रा उभीच होती. बस म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई पुतण्याच्या लग्नाला गावी गेली. चंद्रशेखर फिरून आला, सोफ्यावर बसून त्याने बूट काढले आणि आईला मारायचा तशी हाक मारली, "अर्क आण गं."

संघमित्रा कणिक मळत होती. तिने हात धुतले, पुसले. टेबलावरची बाटली उचलली, पेल्यात कोमट पाणी घेतलं. एक झाकण घ्यायचं असतं हे तिला ठाऊक होतं. तिने एक झाकण ओतलं. मग दुसरं भरलं आणि तेही ओतलं. हात जरासुद्धा अडला नाही. कडवट, मातकट वास आला. तिने पेला त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

"आता कसं!" तो म्हणाला. "अशी वागलीस तर भांडण कशाला?"

त्या दिवशी तो तिच्या हातचं जेवला. आमटी चांगली झालीय म्हणाला.

गिरजाबाई गावाहून परत आली तरी पेला संघमित्राच देत राहिली. सासूला वाटलं, सून ताळ्यावर आली. मैत्रीला वाटलं, घर ताळ्यावर आलं. संघमित्राच्या मनात काय होतं ते नेमकं सांगणं अवघड आहे. तो मरावा असं तिला कधी वाटलं नाही. पण पेला देताना दर वेळी मनातल्या मनात ती म्हणायची, घ्या, घ्या, गाडी तुमची. आणि दिवसभर तिला हलकं वाटायचं.

थंडी सरता सरता त्याला ताप आला. पोटात उजवीकडे दगड ठेवल्यासारखं घट्ट झालं, हात लावू देईना. पाय सुजले, लघवी कमी झाली. दवाखान्यात दाखल केलं, किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर नूरीन यांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पहारेकरी जागे झालेत. नुसते जागे नाहीत, चवताळलेत. चंद्रशेखर, खरं सांगा. ते काही चालू होतं का?"

"नाही डॉक्टर. तुम्ही सांगितलं त्याच दिवशी सोडलं."

डॉक्टरांनी संघमित्राकडे पाहिलं. ती खाली बघत होती. 

जड इंजेक्शनं दिली, रक्त गाळून पाहिलं, आणखी महागडं औषध चढवलं. काही उपयोग झाला नाही. किडनी हळूहळू बंद पडत गेली आणि उन्हाळा लागेस्तोवर चंद्रशेखर पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत येऊन बसला. संघमित्राच्या अंगातून निघालेली ती वस्तू त्याच्या पोटात तशीच होती, पण मेलेली. नातेवाईक भेटायला यायचे. गिरजाबाई पदराने डोळे पुसत सगळ्यांना सांगायची, "किडनीच कच्ची व्हती हो. मनापासून दिली नव्हती तिनं. दिली असती तर टिकली असती." गीतांजली परभणीहून आली, भावाच्या पायाशी बसून रडली आणि वहिनीला म्हणाली, "वहिनी, आधीच तपासून द्यायची होती ना."

मैत्रीने तेव्हाच ठरवलं. "पप्पा, मी देते."

चंद्रशेखर नको म्हणेल असं संघमित्राला वाटलं. नाही म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण डोळे भरून आले, त्याने मुलीचा हात छातीशी धरला आणि शेवटी म्हणाला, "माझं रक्त ते माझं रक्त."

मैत्रीच्या तपासण्या सुरू झाल्या, त्यासाठी चंद्रशेखरही वॉर्डात दाखल होता, आणि त्यातच एक दिवस गिरजाबाईने सगळं बाहेर काढलं. डॉक्टर नूरीन वॉर्डात राउंडला आल्या असताना ती त्यांच्यावरच उखडली. "तुमच्या गोळ्यांनी घात केला. अर्क पोटात व्हता तवर माझं लेकरू ठणठणीत व्हतं. हितं आणलं, अर्क बंद झाला आन् लेकरू झोपलं!"

डॉक्टर थांबल्या. "म्हणजे अर्क ॲडमिट होईपर्यंत चालू होता?"

गिरजाबाईच्या तेव्हा लक्षात आलं. तिने मुलाकडे पाहिलं. चंद्रशेखर एक क्षणही अडखळला नाही.

"डॉक्टर, मला माहीत नव्हतं. मी सोडलेला. मिसेस पाण्यातून देत असणार, मला न सांगता."

डॉक्टर म्हणाल्या की दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा विचार करण्याआधी हे स्पष्ट झालं पाहिजे. सांगूनही ज्याने ऐकलं नाही त्याच्यासाठी बावीस वर्षांच्या मुलीचं पोट त्या उघडणार नाहीत. उद्या सगळ्यांनी केबिनमध्ये यावं.

दुपारी वॉर्डात गर्दी नव्हती. मैत्री जेवायला खाली गेली होती. चंद्रशेखरने संघमित्राला जवळ बोलावलं.

"उद्या तू सांग, तू देत होतीस. लिंबूसरबतात घालून. मला पत्ता नव्हता. आईचं नाव येऊ द्यायचं नाही."

"मी का सांगू?"

"तुला काय फाशी देणारेत का? बायका करतात असं, काळजीपोटी. डॉक्टर दोन शब्द बोलतील. माझी केस क्लीअर होईल, मैत्रीची किडनी बसेल."

"अहो, तिचं लग्न व्हायचंय. मुलं व्हायचीत तिला."

"तू जगतेसच ना एकीवर? काय झालं तुला? घोड्यासारखी फिरतेस." मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला, ऑपरेशननंतर असायचा तसा. "मित्रा, तू मला एकदा जगवलंस. आता एवढं एक वाक्य बोलायचंय."

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. डायलिसिससाठी जोडलेली शीर दोरखंडासारखी फुगली होती आणि तिच्यात रक्त सरसरत होतं. तो खरोखर मरणाला भ्यालेला होता. तिला त्याची कीव आली, पण तिने हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चंद्रशेखर व्हीलचेअरवर, मैत्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी, गिरजाबाई कोपऱ्यात. डॉक्टर नूरीन यांनी सरळ विचारलं, "अर्क कोण देत होतं? आणि पेशंटला माहीत होतं का?"

"मी देत होते," संघमित्रा म्हणाली.

चंद्रशेखरने श्वास सोडला.

"त्यांना माहीत होतं. ते रोज मागायचे. त्याआधी आई द्यायच्या, मी अडवलं तर माझ्याशी बोलणं बंद केलं. नंतर मी देऊ लागले. एक झाकण द्यायचं असतं. मी दोन द्यायचे."

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काय होईल ते तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"खोटं बोलतेय!" चंद्रशेखर ओरडला. "वेडी झालीय ही! मैत्री, ऐकतेस ना, दोन-दोन झाकणं म्हणते! मारायलाच निघाली होती मला!"

मैत्री आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायचाच होता अजून. "मम्मी, तू मुद्दाम..."

"हो."

"का?"

संघमित्राला त्या हॉलबद्दल सांगायचं होतं. निळ्या साडीत ती उभी होती ते, आणि मोबाइलच्या मागे हसणारं मैत्रीचं तोंड. पण सांगायला गेली तर ते एवढंसं वाटलं असतं. एका माणसाच्या जिवापुढे एक विनोद. "आता का म्हणून काय सांगू," ती म्हणाली. "पण तुझी किडनी मी देऊ देणार नाही. ते हे जाणूनबुजून प्यायले, तुझी मिळाली तरी पितील. त्यांना विचार."

"देणार मी," मैत्री म्हणाली. "ह्या दवाखान्यात नाही तर दुसरीकडे. तू कोण अडवणारी?"

ती त्या दिवशी घरी आली नाही. खारघरला मैत्रिणींच्या खोलीवर गेली. गिरजाबाईने सुनेच्या हातचं पाणीही टाकलं. फोनवर, जिन्यात, विहारात, सगळीकडे एकच वाक्य फिरलं की बाईने नवऱ्याला विष दिलं. शाळेतही पोचलं. शेजारच्या टेबलावरच्या राजश्रीने डबा उचलला आणि ती दुसरीकडे बसायला लागली.

तपासणीसाठी मैत्रीचं रक्त आधीच घेतलेलं होतं. आठवड्याभराने त्याचा निकाल आला आणि डॉक्टर नूरीन यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. संघमित्रा दाराशी उभी राहिली.

"आम्ही मैत्रीच्या पेशी घेतल्या आणि चंद्रशेखरच्या रक्ताशी नळीत मिसळल्या," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताने त्या तिथल्या तिथे मारल्या. हिची किडनी त्यांना बसणार नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच काळी पडेल."

"पण मी मुलगी आहे त्यांची!" मैत्री म्हणाली. "अर्धी त्यांच्यासारखी..."

"अर्धी त्यांच्यासारखी, अर्धी आईसारखी. तिथेच अडलंय." डॉक्टरांनी रिपोर्ट मैत्रीसमोर सरकवला. जे सांगायचं होतं ते त्यांनाही सोपं नव्हतं. "त्यांच्या शरीराने आईची किडनी मारली. मारताना तिची खूण लक्षात ठेवली. ती खूण आता जन्मभर रक्तात राहणार. जिथे जिथे ती दिसेल तिथे ते पहारेकरी तुटून पडणार. तुमच्यात ती आहे. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी उत्तर हेच येईल."

म्हणजे संघमित्रा गप्प बसली असती तरी चाललं असतं. नवऱ्याचं ते एक वाक्य बोलली असती तरीही मैत्रीची किडनी मैत्रीकडेच राहिली असती. तिला हे दाराशी उभ्या उभ्या कळलं आणि ती चौकटीला टेकली. चंद्रशेखर रडत होता, तोंडावर दोन्ही हात घेऊन, मोठ्याने. गिरजाबाई त्याचं डोकं कुरवाळत होती. एकदा म्हणाली, "माझ्या लेकराच्या घरात ही आली अन् रक्तातबी शिरली."

मैत्री बाहेर आली. संघमित्राने तिचा दंड धरला. मैत्रीने तो झटकला नाही. ती आपल्याच हाताकडे बघत होती, त्या हाताला काही लागलं असावं तशी.

"माझ्यात तू आहेस," ती म्हणाली. "म्हणून मी पप्पांना चालत नाही."

"मैत्री, बाळा..."

"मला काढता आलं असतं ना तुला, तर काढून टाकलं असतं."

तिने दंड सोडवून घेतला, हळूच, ओळख नसलेल्या माणसाकडून घ्यावा तसा, आणि जिन्याने खाली गेली.

पावसाळ्यात गिरजाबाईला गीतांजलीने परभणीला नेलं. म्हातारीच्याने आता उठवत नव्हतं. मैत्रीला पुण्यात नोकरी लागली. ती वडिलांना फोन करायची आणि आईने उचलला तर ठेवून द्यायची. घरात दोघंच उरली. त्याला डायलिसिसला न्यायचं, आणायचं, जेवण मोजून द्यायचं, हे सगळं संघमित्राच करायची, कारण करणारं दुसरं कुणी नव्हतं. तो तिच्याशी क्वचित बोलायचा. बोलला तर म्हणायचा, "खूश आहेस ना?" ती त्याच्या गोळ्या मोजत राहायची. खरं तर तिला उत्तर माहीत नव्हतं.

एका दुपारी पनवेलच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्याला सुया टोचून झाल्या, मशीन फिरू लागलं. त्याने डोळे न उघडता विचारलं, "मैत्री येणार होती ना आज?"

"तुमच्या फोनवर मेसेज आलाय तिचा. नाही येत म्हणाली. पुढच्या महिन्यात बघते म्हणाली."

"तू आहेस म्हणून येत नाही ती."

"हो."

 मग नवीन आलेली नर्स हातात कागद घेऊन दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "ह्या पेशंटबरोबर कोण आहे?"

चंद्रशेखरने तोंड भिंतीकडे वळवलं. संघमित्रा खुर्चीवरून उठली.

"मी आहे," ती म्हणाली.